वानखडे मॅडमचं क्रियापद

वानखडे मॅडमसमोर कुणी चुकीचं इंग्रजी बोललं की त्या आधी डोळे मिटत. भातातला खडा दाताखाली आला की आपण मिटतो ना, तसे. मग डोळे उघडून ते वाक्य दुरुस्त करून समोरच्याला परत देत आणि त्याने ते तसंच्या तसं म्हणून दाखवेपर्यंत गाडी पुढे जात नसे. समोर कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मुलगा, सून, पोस्टमन, टीव्हीवर हवामान सांगणारी बाई, सगळ्यांना एकच न्याय. हवामानवाली अर्थातच परत म्हणत नसे. तिच्याऐवजी मग मुलाला म्हणावं लागे.

त्यांचा मुलगा नितीन आयर्लंडमधल्या डंडॉकमध्ये माझ्याच ऑफिसात होता आणि माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहायचा. सून रश्मी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. दोन हजार वीसच्या सुरुवातीला मॅडम रश्मीच्या बाळंतपणासाठी अमरावतीहून आल्या. नात झाली, आणि काही दिवसांतच सगळं जग बंद झालं. विमानं परत सुरू झाली तेव्हा रश्मीच्या ड्युट्या अशा होत्या की तान्ह्या मुलीला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता. मॅडम राहिल्या. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांची थोरली बहीण सुधाताई तिथे एकत्र राहायच्या. रोज दुपारी सुधाताईंचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यात दोघी बहुतेक वेळ एकमेकींना न दिसणाऱ्या भाज्या निवडत बसलेल्या असत.

नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, त्यावर नितीनचं जुनं निळं रेनजॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज, अशा वेषात त्या बाबागाडी ढकलत रोज निघायच्या. आमच्या घरांच्या मधोमध हिरवळीचा एक मोठा तुकडा होता. इथे त्याला नुसतं 'ग्रीन' म्हणतात. त्याच्याभोवती त्या फेऱ्या मारायच्या. मी घरून काम करत खिडकीशी बसलेली असायचे. मीटिंग संपल्यावर कधी बाहेर आले तर चार हातांवरून आमचं बोलणं व्हायचं.

"तू काहून सारखी 'बेसिकली' म्हणून राहिली?" एकदा त्यांनी मला विचारलं. "मघा फोनवर ऐकलं मी, खिडकी उघडी होती. त्यात बेसिक काय होतं?"

मी विचार केला. खरंच काही नव्हतं.

"मग नको म्हणू," त्या म्हणाल्या आणि गाडी ढकलत पुढे गेल्या.

आमच्या रांगेत शेवटून दुसऱ्या घरात मेई नावाची चिनी बाई राहायची. तिशीतली, बारीक चणीची. नवरा इथल्या तंत्रशिक्षण संस्थेत संशोधन करायचा. ती एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये होती, ते मार्चमध्ये बंद पडलं. तिच्या पलीकडे, अगदी टोकाच्या घरात शेमस राहायचा. सत्तरी ओलांडलेला, एकटा, दिवसभर बागेत काहीतरी छाटत बसणारा. दोघांच्या घरांमध्ये एक कुंपणाची दाट झाडी होती. उन्हाळ्यात ती बेसुमार वाढली. फुटपाथवर आली, मेईच्या स्वयंपाकघराचा उजेडही खाऊ लागली. शेमसची बाकीची बाग नीट विंचरल्यासारखी, आणि एवढी एकच झाडी रानटी. शिवाय मेई दिसली की तो मान वळवायचा. डंडॉकमध्ये अनोळखी माणूसही हवेबद्दल दोन शब्द बोलून जातो, त्यामुळे हे डोळ्यांत येण्यासारखं होतं.

त्या झाडीत बाबागाडी अडायला लागली तेव्हा मॅडमनी शेमसला सरळ विचारलं. तो म्हणाला, "मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, तिची हरकत आहे. आता तिची हरकत आहे म्हटल्यावर मी काय करणार?"

मॅडम मेईच्या फाटकापाशी गेल्या. मेई म्हणाली, "मी तर हो म्हटलं. मीच रोज वाट बघते. तो कापत नाही आणि बोलतही नाही. मला वाटलं, आम्ही चिनी म्हणून असेल. या वर्षी तसं बरेच जण करतात."

"त्याने नेमकं काय विचारलं?"

मेईने आठवून सांगितलं, "डू यू माइंड इफ आय कट द हेज?"

"आणि तू?"

"येस. येस, आय माइंड."

मॅडमनी डोळे मिटले.

मग त्यांनी शेमसला हाक मारून झाडीच्या पलीकडे उभं केलं आणि मेईला अलीकडे. शेमसने तोच प्रश्न पुन्हा विचारायचा आणि मेईने उत्तर द्यायचं, 'नो, नॉट ॲट ऑल.' मेई म्हणाली, हो म्हणायचं आहे तर नाही कशी म्हणू? मॅडम म्हणाल्या, तो परवानगी मागत नाहीये, तुला त्रास होईल का विचारतोय. त्रास होणार नाही, म्हणून नाही. दोन-तीनदा गाडी अडली. शेमस गंभीरपणे प्रत्येक वेळी तेवढ्याच अदबीने विचारत राहिला. अखेर मेईच्या तोंडून 'नो, नॉट ॲट ऑल, गो अहेड' असं सलग बाहेर पडलं. तो म्हणाला, "ग्रँड," आणि कात्री आणायला गेला.

मी हे सगळं माझ्या दारातून बघत होते. मला हसू येत होतं. मेई मात्र हसत नव्हती. ती झाडीकडे बघत बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने मॅडमना विचारलं, "टीचर, फोनवर नोकरीचा इंटरव्ह्यू असेल, आणि तिकडची बाई विचारेल, डू यू माइंड वर्किंग वीकेंड्स? आणि मी म्हटलं, येस, येस?"

"असं झालं का?"

"मागच्या महिन्यात. नर्सिंग होममध्ये. मी खूप जोरात म्हटलं, येस."

जॅकेटच्या खिशातून मॅडमनी बडीशेपेची डबी काढली, उघडली, न खाताच बंद केली. "उद्या सकाळी ये," त्या म्हणाल्या. "नात झोपते तेव्हा."

तिथून तो वर्ग सुरू झाला. मेईने आपल्या दोन मैत्रिणी आणल्या. संस्थेत शिकणारा लिऊ नावाचा एक लाजाळू मुलगा यायला लागला. त्याचं इंग्रजी वाचायला उत्तम होतं, बोलायला नव्हतंच. ग्रीनच्या कडेला सगळे अंतर राखून उभे राहायचे आणि मॅडम फुटपाथवर रंगीत खडूने लिहायच्या. त्या दिवसांत सगळीच मुलं फुटपाथवर खडूने चित्रं काढायची. त्यांच्या इंद्रधनुष्यांच्या शेजारी मॅडमची वाक्यं असायची. पाऊस आला की दोन्ही धुऊन जायची. "बरं होते," त्या म्हणायच्या. "नाहीतर पोट्टे पाहून लिहितात."

पुस्तक नव्हतंच. एका वेळी एक क्रियापद घ्यायचं आणि त्याचा फडशा पडेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही त्यांची पद्धत. सगळ्यात जास्त दिवस चाललं ते 'माइंड'. त्या म्हणायच्या, अर्थ पाठ करून उपयोग नाही, तो कुठून चालत आला ते कळलं पाहिजे. मुळात या शब्दाचा अर्थ आठवण. माइंड करणं म्हणजे आठवणं. जे आठवतं ते लक्षात राहतं. लक्षात असतं त्याच्याकडे आपण लक्ष देतो. लक्ष देता देता लक्ष ठेवतो, म्हणजेच सांभाळतो. म्हणून इथे मुलं सांभाळणारीला चाइल्डमाइंडर म्हणतात आणि निरोप घेताना 'माइंड युअरसेल्फ' म्हणतात, जपून राहा. आणि जिकडे सारखं लक्ष जातं तेच कधी खुपायला लागतं, तिथून आली हरकत. पाचही अर्थ एकाच रस्त्यावरचे. आपण कुठल्या थांब्यावर उभे आहोत तेवढं फक्त बघायचं.

पहिला अर्थ आता कुणी वापरत नाही असं त्यांनी सांगितलं तेव्हा पलीकडे गवत कापणारा शेमस मशीन बंद करून म्हणाला, "कोण म्हणतं? आय माइंड द टाइम या सगळ्या घरांच्या जागी शेत होतं." त्याची आई सीमेपलीकडच्या, उत्तर आयर्लंडमधल्या गावची, तिकडची म्हातारी माणसं असंच बोलतात म्हणे. मॅडमचा चेहरा असा झाला की जणू त्यांना रस्त्यावर शाळेतली मैत्रीण भेटली. त्यांनी शेमसकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. चूक नसताना कुणाला परत म्हणायला लावलेलं मी तेवढंच पाहिलं.

मग त्या चिन्यांना म्हणाल्या, आमच्या भाषेत आहे ते 'मन', तेही याच मुळाचं. लिऊने बराच वेळ विचार केला आणि खडू मागून घेतला. त्याने फुटपाथवर एक चिनी अक्षर काढलं. वरच्या भागाचा अर्थ 'आत्ता', खालच्याचा 'हृदय', मिळून अर्थ होतो कुणाची तरी आठवण काढणं. मॅडम ते अक्षर कमरेत वाकून बघत राहिल्या. मला राहवलं नाही. मी दारातून म्हटलं, "मॅडम, मग आपलं 'मनाई'पण त्यातलंच असेल. हरकत घेणं."

"मनाई अरबीतून आली आहे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "चेहरा सारखा दिसला म्हणून नातं नको लावू."

त्यांच्या वर्गात कुणाची लाज निघायची नाही. "वाक्याले रागवायचं, माणसाले नाही," असं त्या म्हणायच्या, आणि वाक्याला मात्र मनापासून रागवायच्या. "कसं उभं आहे बघा, एका पायावर," असं एखाद्या वाक्याबद्दल म्हणायच्या. चिनी मंडळींना हे फार आवडायचं. ती वाक्याकडे बघून मान हलवायची.

हिवाळ्याच्या तोंडी मेईने त्याच नर्सिंग होममध्ये पुन्हा फोन केला. आदल्या दिवशी मॅडमनी तिची तयारी करून घेतली. 'वुड यू माइंड' ने सुरू होणारे त्यांना सुचतील तेवढे प्रश्न विचारले. प्रत्यक्षात तिकडच्या बाईने 'माइंड' हा शब्दच वापरला नाही. विचारलं, वीकेंडला जमेल का? मेई सवयीने म्हणाली, "नॉट ॲट ऑल." पलीकडे शांतता झाली. मग मेईने स्वतःच डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाली, "सॉरी. येस. आय कॅन." नोकरी मिळाली. हे तिने आम्हाला ग्रीनवर हातवारे करून सांगितलं आणि शेवटी हसू दाबायला मॅडमनीही तोंडाला पदर लावला.

थंडीत वर्ग झूमवर गेला. मॅडमना ते तंत्र जमेना, म्हणून मी माझ्या घरून मीटिंग सुरू करून द्यायचे आणि आवाज बंद करून कोपऱ्यात असायचे. मेई नर्सिंग होमहून थकून यायची, कधी जेवता जेवता वर्गाला बसायची. तिथल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगायची. भेटायला बंदी होती. मुलं-नातवंडं येऊन खिडकीबाहेर उभी राहायची आणि मेई आतून खुर्ची काचेला लावून द्यायची.

दुसऱ्या लाटेत अमरावतीला सुधाताई गेल्या. दवाखान्यात न्यायला शेजारी होते, पण घरचं कुणी नव्हतं. मॅडमना कळलं तेव्हा अंत्यसंस्कारही उरकले होते. जाण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्ग होता. रश्मीने मला फोन केला, रद्द कर म्हणून. पाच मिनिटांत मॅडमचाच फोन आला. "लिंक पाठव."

सगळे आले. मॅडम कपाळावर आलेले केस मागे सारून नेहमीसारख्या ताठ बसल्या होत्या. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "काल माझी मोठी बहीण वारली. आपण सुरू करू या."

लिऊ खाली बघत होता. मग मेईचा चौकोन उजळला. तिचे डोळे भरले होते. ती पुढे वाकली, अगदी स्क्रीनजवळ आली आणि हळुवारपणे म्हणाली, "नेव्हर माइंड, टीचर. नेव्हर माइंड."

मी खुर्चीत आखडले. तिकडे मॅडमच्या मागे दारात रश्मी उभी होती, तिने झटकन मान वर केली. जाऊ दे, त्यात काय एवढं, असा त्याचा अर्थ. मी मॅडमच्या डोळ्यांकडे बघत होते. त्यांनी ते मिटले नाहीत.

"थँक यू, मेई," त्या म्हणाल्या, आणि वर्ग सुरू केला.

नंतर रश्मी चिडली. "इतके दिवस शिकवलंत आणि हे?"

"तिले काय म्हणायचं होतं ते मले समजलं ना," मॅडम म्हणाल्या. "मग झालं."

पण ते झालं नव्हतं. पुढच्या वर्गाआधी त्यांनी मला फोन करून विचारलं, मेईच्या नर्सिंग होममध्ये माणसं दगावतात का? मी म्हटलं, या हिवाळ्यात बरीच दगावली. "उद्या ती कोणाच्या पोरीले असंच म्हणन," त्या म्हणाल्या. "ती पोरगी तिले कशी समजून घेईन?"

त्या दिवशी त्यांनी पुन्हा 'माइंड' काढलं. कुणाचं नाव नाही, मागच्या वर्गाचा उल्लेख नाही. कप फुटला, बस चुकली, वाढदिवस विसरला, तर म्हणायचं 'नेव्हर माइंड'. माणूस गेलं असेल तर नाही म्हणायचं. मग काय म्हणायचं? शेमसने फाटकापाशी टोपी काढून त्यांना जे म्हटलं होतं तेच त्यांनी शिकवलं, 'आय ॲम सॉरी फॉर युअर ट्रबल.' इथली सगळी माणसं असंच म्हणतात, एवढंच म्हणतात, आणि हात हातात घेतात. पुढे काही जोडायचं नाही.

"आता सराव," त्या म्हणाल्या. "मी एक वाक्य म्हणेन. तुम्ही उत्तर द्यायचं. एकेकाने."

आणि त्या म्हणाल्या, "माय सिस्टर हॅज डाइड."

लिऊने उत्तर दिलं. त्याचा 'ट्रबल' मधला र गडबडला. मॅडमनी दुरुस्त केला आणि ते वाक्य पुन्हा म्हटलं, म्हणजे त्यालाही पुन्हा उत्तर देता यावं. मग पुढची मैत्रीण. मग तिच्या पुढची. प्रत्येकीसाठी मॅडम तेच वाक्य म्हणत होत्या, तोच स्वर, शब्द सुटे सुटे, फळ्यासमोर म्हणावं तसे. रश्मी दारातून निघून गेली. मला मीटिंग बंद करावीशी वाटत होती, पण बोट पुढे जाईना.

शेवटी मेई. तिला आतापर्यंत सगळं कळलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मॅडम तिच्याकडे बघत म्हणाल्या, "माय सिस्टर हॅज डाइड."

"आय ॲम सॉरी फॉर युअर ट्रबल, टीचर," मेई म्हणाली. एकही चूक नव्हती.

बरोबर उत्तरानंतर मॅडम 'गुड' म्हणत. या वेळी त्यांचा हात कॅमेऱ्याकडे आला आणि चौकोन काळा झाला. आम्ही सगळे त्या काळ्या चौकोनासमोर बसून राहिलो. कुणी गेलं नाही. बऱ्याच वेळाने त्या परत आल्या तेव्हा चष्मा पुसत होत्या. त्यांनी गृहपाठ सांगितला आणि वर्ग सुटला.

दुसऱ्या दिवशी मेई त्यांच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. मी बाहेरच होते. तिने विचारलं, "मागच्या वेळी लगेच का नाही सांगितलं, टीचर? तुम्ही नेहमी लगेच सांगता."

"तू तेव्हा माझं सांत्वन करत होतीस," मॅडम म्हणाल्या. "मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

मेई रडायला लागली. जवळ जायची सोय नव्हती. मॅडम आत गेल्या, आल्याचा चहा थर्मासमध्ये भरून आणला, फाटकाच्या खांबावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या. मेईने तो तिथेच उभ्याने प्यायला. मग मॅडमनी तिला सुधाताईंबद्दल सांगायला सुरुवात केली. त्या कशा चिडक्या होत्या, कशा दिवाळीच्या चकल्या मोडक्या निघाल्या की कारखान्यासारखा माल परत स्वयंपाकघरात पाठवायच्या. मेई मध्ये मध्ये हसत होती. हे सगळं मॅडमनी आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. रश्मीलाही नाही.

वसंतात मेईच्या नर्सिंग होममध्ये एक आजोबा गेले. त्यांची मुलगी खिडकीबाहेर उभी होती. मेईने बाहेर जाऊन तिला ते वाक्य म्हटलं. मुलगी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, नियम असतानाही. मेईने हे मॅडमना सांगितलं तेव्हा मॅडमनी फक्त विचारलं, "पुढे काही जोडलं नाहीस ना?" मेई म्हणाली, नाही.

त्या साली पानगळ सुरू झाली तेव्हा मॅडम परत निघाल्या. नात पाळणाघरात जायला लागली होती, अमरावतीचं घर बंद होतं, सुधाताईंच्या वस्तू तशाच पडल्या होत्या. "ते मलेच करावं लागन," त्या म्हणाल्या. विमानतळाच्या बसथांब्यावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. नितीन बरोबर जाणार होता. शेमसने त्यांच्यासाठी आपल्या बागेतली सफरचंदं आणली होती. मेईने त्यांच्या गळ्यात मफलर गुंडाळला, नीट बसेपर्यंत दोनदा सोडून पुन्हा बांधला. पाया पडायची पद्धत रश्मीने तिला दाखवली, पण मॅडमनी तिला अर्ध्यावरच धरून उभं केलं. फार बोलणं झालं नाही. सामान चढवण्याच्या घाईत ते राहूनच गेलं.

बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली, नितीनला मागे जागा. शेजारी कॉलेजमधली एक आयरिश मुलगी होती, कानांत इअरफोन घालून बसलेली. आम्ही खाली रांगेत उभे राहून हात हलवत होतो. मेई तर काचेपाशी जाऊन हलवत होती. मॅडमनी एकदा आमच्याकडे बघून मान डोलावली, आणि मग त्यांचं लक्ष शेजारी गेलं. त्या मुलीला त्या काहीतरी विचारत होत्या. मुलीने एका कानातला इअरफोन काढला, ऐकलं, काहीतरी उत्तर दिलं. मॅडमचा चेहरा आता तिच्याकडे पुरता वळला होता. आम्हाला फक्त अंबाडा आणि मेईचा मफलर दिसत होता.

बस वळणावर गेली तेव्हा ती मुलगी दुसऱ्या कानातलाही काढत होती.